गेरेवोल बघायला जायचंय? वोडाबे गुराख्यांच्या सोहळ्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रील्समध्ये चेहरे रंगवलेली, डोळे फिरवणारी उंच पोरं तुम्ही बघितली असतीलच. चाडहून आल्यापासून तेच तेच प्रश्न येतायत, कुणी व्हिसाचं विचारतं, कुणी खाण्याचं, कुणी "खरंच बायका नवरे निवडतात का हो?" असं. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून टाकतोय. काही लांबलीयत, पण जायचं असेल तर वाचाच.

गेरेवोल म्हणजे नक्की काय? आणि हे लोक कोण?

वोडाबे हा फुलानी लोकांमधला एक भटका पशुपालक समाज, त्यात वेगवेगळी कुळं असतात. फुलानी पश्चिम आफ्रिकेपासून मध्य आफ्रिकेपर्यंत पसरलेत, त्यातले बरेच आता गावात शहरात स्थिरावलेत, पण वोडाबे अजून गुरांमागे फिरतात. नायजर, चाड, उत्तर नायजेरिया, कॅमेरून, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक असा त्यांचा पट्टा आहे. भाषा फुलफुल्दे, धर्माने बहुतेक मुसलमान, पण स्वतःच्या जुन्या चालीरीती अगदी घट्ट धरून आहेत. त्यांची गुरं बघाल तर बघतच राहाल, गडद तांबडी, वशिंडाची आणि शिंगं इतकी लांब आणि वर वळलेली की कळप चालत आला की शिंगांचं रानच पुढे सरकल्यासारखं दिसतं.

वर्षातले बरेच महिने ही कुटुंबं पाण्याच्या शोधात पांगलेली असतात. पाऊस संपता संपता गवत भरपूर असतं, डबकी भरलेली असतात, तेव्हा सगळे एकत्र जमू शकतात. आपल्याकडचे धनगर कसे पावसाळ्यात घराकडे येतात आणि लग्नकार्यं, जत्रा तेव्हा उरकतात, साधारण तसंच. याच दिवसांत कुळाची वार्षिक बैठक भरते, तिला वोर्सो म्हणतात, वर्षभरात जन्मलेली मुलं, झालेली लग्नं सगळ्यांसमोर येतात. आणि गेरेवोल त्याच्याही पुढचं, त्यात दोन वेगळी कुळं समोरासमोर येतात. यजमान आणि पाहुणे. सात दिवसांपर्यंत चालतं.

मग "पुरुषांची सौंदर्यस्पर्धा" म्हणतात ते चूक का?

अर्धंच बरोबर. पुरुष नटतात आणि बायका निवडतात हे खरंय. पण स्पर्धा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर स्टेज, प्रेक्षक, बक्षीस येतं, इथे त्यातलं काहीच नाही. एका कुळाचे पुरुष दुसऱ्या कुळाच्या बायकांसाठी नाचतात. जिंकणाऱ्याला काही वस्तू मिळत नाही, नाव मिळतं, आणि ते नाव वर्षानुवर्षं टिकतं, मुलंबाळं झाल्यावरही लोक सांगतात की हा अमुक वर्षी निवडलेला.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की हा नाच तुमच्यामाझ्यासाठी नाहीये. तुम्ही नसतात तरी तो असाच झाला असता. ज्यांच्यासाठी आहे त्या पोरी समोर उभ्या आहेत. हे डोक्यात ठेवून गेलात तर कुठे उभं राहायचं, कधी कॅमेरा खाली ठेवायचा हे आपोआप कळतं, खालची बरीचशी उत्तरं त्यातूनच निघतात.

नाच कसा असतो? काय काय बघायला मिळतं?

तीन प्रकार लक्षात ठेवा. रुमे हा गोल करून नाचायचा, स्वागताचा नाच, दुपारी होतो, रात्री उशिरापर्यंत होतो, टाळ्या आणि गाणं. वाद्य जवळजवळ नाहीच, सगळं गळ्यावर आणि पायांवर. एकजण सुरावट उचलतो आणि बाकीचे एका सुरात ती लांबवत नेतात, लांबून ऐकलं तर मधमाश्यांचं मोहोळ वाटावं असा आवाज.

दुसरा याके. यात दिसण्यापेक्षा मोहिनीला महत्त्व. पुरुष एका ओळीत खांद्याला खांदा लावून उभे राहतात, टाचा उचलून उंची वाढवतात, आणि मग चेहऱ्याचा खेळ सुरू होतो. मी ओळीच्या एका टोकाला बसलो होतो, माझ्या समोरचा पोरगा विशीतला असेल, चेहऱ्यावर पिवळा रंग, कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत पांढरी रेघ, ओठ काजळाने काळे कुळकुळीत, म्हणजे दात अजून पांढरे दिसावेत. केसांची पुढची रेषा तासून कपाळ मोठं केलेलं. आधी डोळे ताणून मोठे करतो, मग बुबुळं एका बाजूला नेतो, तिथे धरून ठेवतो, ओठ थरथरवतो, गाल फुगवतो, एकदम सगळे दात दाखवून हसतो, आणि हे सगळं पाय हलवत, श्वास न चुकवता. घामाने रंग ओघळायला लागला की शेजारचा बोटाने नीट करून देतो. मधेच म्हाताऱ्या बायका ओरडत ओळीसमोर येतात, कुणाला चिडवतात, कुणाला चढवतात, आणि त्यांची तारीफ सगळे मनावर घेतात.

तिसरा खुद्द गेरेवोल. त्यात अंगावर कपडा कमी, कमरेला घट्ट गुंडाळलेलं वस्त्र, उघड्या छातीवर मण्यांच्या माळा, फेट्यात सरळ उभं शहामृगाचं पीस, चेहरा लाल. सगळे मुद्दाम एकसारखे नटतात, म्हणजे फरक दिसतो तो फक्त माणसाचा. समोरच्या कुळातल्या दोन-तीन मुली निवडायला असतात, बऱ्याचदा पूर्वी निवडल्या गेलेल्यांच्याच लेकी. त्या गुडघ्यावर बसतात, हात चेहऱ्याशी, नजर खाली, थेट रोखून बघणं बरं दिसत नाही ना, पण सगळं बघत असतात. मग एकेक उठते, सावकाश हात हलवत ओळीकडे चालत जाते आणि एकाकडे खूण करते. बस्स. हे अर्ध्या मिनिटात होतं आणि त्यासाठी ते लोक तासन्तास उन्हात नाचलेले असतात. ताकद टिकावी म्हणून झाडांच्या सालींचा काढा पितात.

नटणं चुकवू नका. सकाळी झाडाखाली प्रत्येकाच्या हातात छोटा आरसा, चामड्याच्या पिशवीत रंगाच्या पुड्या, तासन्तास चाललेलं असतं आणि कुणी घाईत नसतं. मला स्वतःला नाचाइतकंच हे आवडलं.

खरंच बायका पळून जातात का? लग्नाचं नक्की काय?

दोन प्रकारची लग्नं आहेत. कोबगल म्हणजे आईवडिलांनी ठरवलेलं, बहुतेक वेळा तान्हेपणीच, आपल्याच कुळातल्या चुलत भावंडांमध्ये. टेगल म्हणजे स्वतः निवडलेलं, आणि ते बहुधा दुसऱ्या कुळात होतं. बायको आधीच कुणाची असली तरी ती गेरेवोलला आवडलेल्या पुरुषाबरोबर निघून जाऊ शकते. पुरुषाच्या कुळात पोचून जनावर कापलं, जेवण झालं, की लग्न मान्य. नवऱ्याने वाटेत गाठलं तर तंटा होतोच. पुरुष एकावेळी चार बायका करू शकतो.

पण याला "फ्री लव्ह" वगैरे म्हणू नका प्लीज, असं लिहिलेलं वाचलं की मला खरंच वाईट वाटतं. निघून जाणाऱ्या बाईची मुलं पहिल्या नवऱ्याच्या कुळात राहतात, ही किंमत लहान नाहीये. बायका जातात त्या विचार करून जातात. आणि रोजच्या वागण्यात हे लोक कमालीचे संकोची आहेत. लाज राखणं, धीर धरणं, पुढचा विचार करणं यावर त्यांचा सगळा आचार उभा आहे. नवरा बायको चारचौघांत एकमेकांचं नाव घेत नाहीत, आईबाप पहिल्या मुलाशी उघड लाड करत नाहीत. पहिल्यांदा गरोदर राहिलेली बायको माहेरी जाते आणि दोन-तीन वर्षं तिथेच राहते, त्या काळात नवऱ्याशी संबंध नाही. हे सगळं बघितलं की नाचातला मोकळेपणा किती मोठा वाटत असेल त्यांना, ते जरा समजतं.

तारीख काय? ऑफिसात सुट्टी टाकायची आहे.

फिक्स तारीख नसते. साधारण सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरची सुरुवात. पाऊस कसा झाला, गुरं कुठे आहेत, कुळातली मोठी माणसं काय ठरवतात यावर सगळं. मागेपुढे चार दिवस जास्तीचे ठेवा, आणि त्याच विमानाने परत यायचंच आहे असं असेल तर सरळ जाऊ नका. तिथे पोचून दोन दिवस काहीच झालं नाही असंही होतं. ते दिवस वाया जात नाहीत, गुरं पाण्यावर नेणं, दूध काढणं, रात्री आगीपाशी बसणं हे तेव्हाच बघायला मिळतं.

नायजरला जावं की चाडला?

सध्या चाड. नायजरमध्ये अगादेझ भागात इन-गाल नावाचं गाव आहे, तिथल्या खारट जमिनीवर आणि गवतावर गुरं, उंट आणतात, जनावरांना मीठ लागतं म्हणून, आणि त्यावरून तिथे क्युर साले नावाचा मोठा मेळा भरतो. त्यात तुआरेग (सहारातले उंट पाळणारे लोक) आणि वोडाबे दोघंही असतात, सरकारी पाहुणे येतात, उंटांच्या शर्यती होतात. बरेचजण क्युर साले आणि गेरेवोल एकच समजतात, तसं नाहीये. मेळ्यात वोडाबे नाचतात ते खरं, पण कुळाकुळातलं गेरेवोल वेगळं, आत माळावर होतं.

नायजरमध्ये जुलै २०२३ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, त्या ऑगस्टमध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने भारतीयांना देश सोडायला सांगितलं होतं. शिवाय सशस्त्र गट, अपहरणं. कितीही मन झालं तरी नको.

चाडमध्ये राजधानी न्जामेनापासून पुढे, दुर्बाली गावाच्या बाजूला माळावर वोडाबे जमतात आणि बाहेरचे लोक बहुतेक तिथेच जातात.

चाड तरी सेफ आहे का?

पूर्ण सेफ असं मी कुणालाच सांगणार नाही. चाड सरोवराच्या बाजूला बोको हरामचे हल्ले होतात, पूर्वेला सुदानची सीमा आहे आणि एप्रिल २०२३ पासून तिथून लाखो निर्वासित आलेत, दक्षिणेत गुराखी आणि शेतकरी यांच्यात पाण्या-जमिनीवरून रक्तपात होतो. दुर्बालीचा भाग या सगळ्यापासून बाजूला आहे, पण परिस्थिती बदलते. निघायच्या आधी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना बघा, इन्शुरन्सवाल्याला लेखी विचारा की हा देश कव्हर होतो का, आणि आजारी माणसाला विमानाने बाहेर काढायची सोय पॉलिसीत आहे का ते बघा. नसेल तर पॉलिसी बदला. स्वतःच्या जिवावर, गाडी भाड्याने घेऊन शोधत जाणं हा पर्यायच नाही. माळावर रस्ते नाहीत, आणि कॅम्प कुठे हलला हे फक्त तिथल्याच माणसांना माहीत असतं.

व्हिसा आणि लस?

व्हिसा आधीच काढून जायचा, त्यासाठी तिकडच्या टूरवाल्याचं निमंत्रणपत्र मागून घ्या. पोचल्यावर ७२ तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करायची असते, टूरवाला करून देतो पण झाली का ते तुम्ही विचारा. अमेरिकेत राहणाऱ्या मंडळींसाठी, चाडने जून २०२५ मध्ये अमेरिकन पासपोर्टवाल्यांना व्हिसा देणं थांबवलं होतं, म्हणून तिकीट काढायच्या आधी चौकशी करा.

यलो फिव्हरची लस कंपल्सरी. साध्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या केंद्रांवरच मिळते आणि पिवळं कार्ड तिथेच देतात. मुंबईत विमानतळ आणि बंदराच्या आरोग्य कार्यालयात चौकशी करा, अपॉइंटमेंटला वेळ लागतो म्हणून दोन महिने आधीच बघा. प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली असावी लागते. एकदा घेतली की २०१६ पासून ती जन्मभरासाठी धरतात. साठीच्या पुढचे, गरोदर बायका, अंड्याची ॲलर्जी असलेले यांनी आधी डॉक्टरांशी बोला. आणि मलेरियाच्या गोळ्या, हे हलक्यात घेऊ नका, सप्टेंबर म्हणजे तिथे मलेरियाचा ऐन सीझन आणि तोही जीवघेणा प्रकार. कोणती गोळी ते डॉक्टर सांगतील, पण जायच्या आधीपासून परत आल्यानंतरपर्यंत कोर्स पूर्ण करायचा. मच्छरदाणी न्या.

कसं पोचायचं, पैशांचं काय?

मुंबईहून अदिस अबाबा आणि तिथून न्जामेना हा सोपा मार्ग, इस्तंबूलवरूनही जाता येतं. पुढे फोर बाय फोर गाड्या. पावसानंतरचा चिखल असतो, गाड्या रुततात, थोड्या अंतराला अर्धा दिवस जाऊ शकतो.

चलन मध्य आफ्रिकी सीएफए फ्रँक, एका युरोला जवळपास ६५६. नायजरचा सीएफए वेगळा, दर तोच असला तरी तो चाडमध्ये चालत नाही. युरोच्या नोटा न्या, माळावर कार्ड चालायचा प्रश्नच नाही. एकूण खर्च लाखांत जातो, स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्याला विचारा की यातले वोडाबे कुटुंबांना किती देता.

आम्ही शाकाहारी आहोत, खायचं काय?

उपाशी राहणार नाही. या लोकांचं रोजचं जेवणच दूध आणि बाजरी. बाजरी मुळात त्याच साहेल पट्ट्यातली (सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा), हजारो वर्षांपूर्वी तिथून आपल्याकडे आली. जाडसर कांजीसारखं शिजवतात, त्यात ताक किंवा आंबट दूध. दूध कोरीव नक्षीच्या भोपळ्यांमध्ये ठेवतात, हे भोपळे बाईची संपत्ती, सोहळ्यात ती ते रचून मांडते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायका थांबून बघतात. बायका दूध, लोणी बाजारात नेऊन बाजरी आणतात. दूध कच्चं असतं, उकळलेलंच प्या, नम्रपणे सांगितलं तर कुणी रागावत नाही. टूरच्या स्वयंपाक्याला आधी कळवलं की भात, डाळ, भाजी होते. चिवडा, खाकरा, लोणचं घेऊन जा. चहा मात्र त्यांच्या पद्धतीचा, छोट्या ग्लासात, कडक, भरपूर साखर घालून, तीन फेऱ्या. तिसरी फेरी होण्याआधी उठू नका.

टेंटमध्ये राहायचं, पाणी जपून, संडास म्हणजे लांब खणलेला खड्डा. वारा-पाऊस एकदम येऊ शकतो.

फोटो काढू देतात का?

नाचात हो. पण आधी टूरवाल्यामार्फत वडीलधाऱ्यांशी बोलणं झालेलं हवं आणि मोबदला ठरलेला हवा. ओळ आणि मुलींच्या मधल्या जागेत कधीही जाऊ नका. हे मी ठळक करून सांगतोय कारण मोठ्या लेन्सवाले नेमके तिथेच घुसतात, समोर गुडघ्यावर बसतात, आणि ज्या मुलीला निवडायचंय तिला पोरगा दिसतच नाही. मी हे बघितलंय आणि बघताना लाज वाटली. रात्री फ्लॅश नाही. कुणी जोडी अंधारात बाजूला जाताना दिसली तर कॅमेरा सोडा, बघूही नका.

विमानतळ, पूल, सैनिक, सरकारी इमारती यांचे फोटो अजिबात नाहीत, न्जामेनात यावरून माणसं अडकतात. फोटोच्या परवान्याचं टूरवाल्याला विचारा. ड्रोन घरी ठेवा, परवानगीची भानगड आहे आणि गुरं बिथरतात.

बाई एकटी गेली तर चालेल का?

ग्रुपबरोबर हो. उलट बायकांना जास्त बघायला मिळतं, कारण झोपडीच्या बाजूला, भोपळ्यांपाशी, लेकुरवाळ्या बायकांमध्ये पुरुष पाहुण्याला बसता येत नाही. खांदे, गुडघे झाकलेले कपडे घाला. लहान मुलांना मात्र नेऊ नका, मलेरियामुळे.

आम्हालाही नाचात घेतात का?

रुमेच्या गोलात कुणी हात धरून ओढलं तर जा, थोडं नाचा आणि बाजूला व्हा. याके आणि गेरेवोलच्या ओळीत नाही. तोंड रंगवून मागू नका. ती ओळ त्यांच्या आयुष्याचा निर्णय ठरवते.

भेट काय न्यावी?

मुलांना गोळ्या, पेनं वाटत सुटू नका, दोन वर्षांत मुलं गाडीमागे धावायला लागतात. चहा, साखर, बाजरीची पोती न्जामेनातून किंवा वाटेतल्या बाजारातून घ्या आणि वडीलधाऱ्यांच्या हातात द्या, ते वाटतात. आरसे, मणी, सेफ्टी पिना बायकांना आवडतात. त्यांच्यातली सगळ्यात मोठी भेट गायीची. एकजण दुसऱ्याला गाय सांभाळायला देतो, तिची दोन-तीन वासरं घेणाऱ्याची, मग गाय मूळ मालकाकडे परत. या रीतीला हब्बनाए म्हणतात. १९६८ नंतरच्या आणि पुन्हा १९८४ च्या दुष्काळात साहेलमध्ये कळपच्या कळप मेले, तेव्हा ज्यांच्याकडे काही उरलं नाही ते अशा उसन्या गायीवर परत उभे राहिले.

पण आपल्यासारखे लोक जाऊन हे बिघडवत नाही का?

थोडं बिघडतं, हो. पाहुण्यांसाठी वेळ बदलली, नाच आधी केला असं होतं. पण त्यांच्यासमोरचा मोठा प्रश्न टूरिस्ट नाहीत, चराईची जमीन कमी होणं, बेभरवशाचा पाऊस, सीमांवरची बंदुकीची भीती हे आहेत. गुरंच राहिली नाहीत तर गेरेवोल कशाच्या जोरावर भरणार? म्हणून जायचं तर छोट्या ग्रुपने, पैसे कुटुंबांपर्यंत पोचतील असं बघून, आणि यजमान "आज नाही" म्हणाले तर ते ऐकून.

हे नाही जमलं तर दुसरं काही?

इथिओपियाच्या ओमो खोऱ्यात तुर्मी, दिमेका भागात हमार लोकांचा बैलांच्या पाठीवरून धावायचा विधी असतो, पोरगा लग्नाला योग्य झाला हे त्यातून ठरतं. हमार गुरं पाळतात पण शेतीही करतात. त्या विधीत नात्यातल्या बायका स्वतःहून फटके घेतात, पाठीवर वळ उठतात, ते बघायची तयारी हवी. केनियात सांबुरू तरुणांचे उड्या मारत नाच आहेत, पोचायला सोपं, पण लॉजवर संध्याकाळी दाखवतात तो नाच आणि त्यांच्या वस्तीवरचं लग्न यात खूप फरक आहे, लग्नाचं आमंत्रण असेल तरच जा.

परत आल्यावर काही करायचं असतं का?

हो. यलो फिव्हरचं कार्ड हातात ठेवा, ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्या "आता घरी आलो" म्हणून बंद करू नका. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की मी आफ्रिकेतून आलोय, आणि मलेरियाची टेस्ट त्याच दिवशी करून घ्या. फोटोंच्या प्रिंट काढून टूरवाल्यामार्फत परत पाठवा, पुढच्या वर्षी त्याच कॅम्पवर तो जातोच, आणि ज्याचा फोटो आहे त्याला तो मिळतो.